डागवालीची पारख

तिला आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते सही करण्यापुरतं. बाकी सगळा जन्म ती डागवाली म्हणूनच वावरली. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या टेबलापाशी ती चव्वेचाळीस वर्षं बसली आणि लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग काढत राहिली. मुरमं, वण, चामखिळी, डोळ्यांखालची वर्तुळं, जे येईल ते. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरायचं कामही तिचंच. गिऱ्हाईक काउंटरशी यायचं आणि दबक्या आवाजात विचारायचं, डागवाल्या बाई आहेत ना आज? फोटो काढणारा कुणीही असो, काढलेला निस्तरायला ही पाहिजे.

आणि ती निस्तरायचीही अशी की बघत राहावं. किती लग्नं तिच्या ब्रशाच्या टोकावर जुळली याची गणती नाही. लग्नानंतर किती जणांनी कपाळाला हात लावला असेल, ते मात्र विचारू नका. ती म्हणायची, फोटोग्राफर माणूस आहे तसा काढतो, मी तो असायला हवा होता तसा करते. यात तिला काही चुकीचं वाटत नव्हतं, आणि गिऱ्हाइकांना तर मुळीच नाही.

स्टुडिओ बंद पडून दहा वर्षं झाली, पण जित्याची खोड ती. सगळ्यात बारीक ब्रश, अगदी तीन-चार केसांचा, तो अजूनही तिच्या अंबाड्यात खोचलेला असायचा. घरात येणाऱ्या मासिकातल्या नट्यांचेसुद्धा डाग ती चहा पिता पिता बुजवून टाकायची. नात्यागोत्यातले पाहुणे आले की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघायची. पाहुणे अस्वस्थ व्हायचे. बिचाऱ्यांना काय माहीत, मनातल्या मनात त्यांच्या नाकावरची पुळी कधीच गेलेली असायची.

स्वतःचं लग्न तिने केलं नाही. ती राहायची भाचीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत. भाची, भाचीचा नवरा, आणि भाचीची आई, म्हणजे डागवालीची थोरली बहीण. सगळ्यांची ताई. ताईचं वय अठ्ठ्याहत्तर, डागवाली तिच्याहून सात वर्षांनी लहान.

ताईची आठवण गेली होती. एका दिवसात नाही गेली. आधी वस्तूंची नावं गेली, मग वार, मग रस्ते, आणि मग एकेक करून माणसं. पोटच्या मुलीला ती नर्सबाई म्हणायला लागली. जावयाला तर ती नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजायची आणि रोज सकाळी विचारायची, अजून किती वेळ लागेल हो? तो सज्जन माणूस, रोज सांगायचा, झालंच बघा. आणि जिला ताईने अंगाखांद्यावर खेळवलं, जिला छोटी छोटी म्हणून हाका मारल्या, त्या डागवालीला ती "अहो बाई" म्हणायची. चौदा महिने झाले होते छोटी हा शब्द घरात उमटून. डागवाली यावर कधी रडली नाही. फक्त ताईच्या खोलीत जाताना दारापाशी जरा थांबायची.

ताईला एकच माणूस ओळखू येत होतं, आणि ते जाऊन बावन्न वर्षं झाली होती. ती म्हणजे त्यांची आई. पोस्टकार्डाएवढा एक फोटो ताईच्या हातात दिवसभर असायचा. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशीखाली. त्या फोटोकडे बघून ताई शांत व्हायची, दोन घास खायची, औषध घ्यायची. फोटो नजरेआड झाला की खोलीभर शोधत फिरायची, पडदे ओढायची, ओरडायची. आई आहे ना, आई आहे ना, एवढंच.

आणि तो फोटो संपत आला होता. हातांच्या घामाने कडा फुगल्या होत्या, कागदाला भेगा पडल्या होत्या, आईच्या कपाळावरून एक पापुद्रा उठला होता. त्यात ताईला सवय लागली होती अंगठ्याने फोटो घासायची. तासन्‌तास घासायची. आईच्या डाव्या गालावर चक्क एक पांढुरका डाग पडला होता. भाची म्हणायची, मावशी, अजून सहा महिने आहेत गं याचे. त्यानंतर ताईचं काय, हे दोघींपैकी कुणी तोंडाने बोलत नव्हतं.

त्या फोटोचं डागवालीला दुहेरी दुःख. कारण तो तिने रंगवलेला पहिला फोटो होता. सतरा वर्षांची असताना नुकतीच स्टुडिओत लागली होती. मालकाने आईचा फोटो फुकट काढून दिला आणि म्हणाला, घे, यावर हात बसव. आठ दिवस लागले तिला. मालक स्वतः चष्मा पुसून बघत बसला होता. आईला नेऊन दाखवला तेव्हा आई म्हणाली, छान रंगवलंस गं, आणि फोटो कपाटाच्या खणात ठेवून दिला. भिंतीवर कधी लावला नाही. आईला मिरवायची हौस नव्हती, डागवाली कौतुकाने सांगायची.

वर्षापूर्वी एका दुकानात तो कॉपी करायला दिला होता. दोन दिवस फोटो घराबाहेर राहिला आणि दोन दिवस ताई अन्नाला शिवली नाही. परत आली ती कॉपी गुळगुळीत, चकचकीत. ताईने एकदा पाहिलं आणि बाजूला सारलं. ही कोण बाई? दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितं, तसं झालं. मूळ फोटो आता घराबाहेर जायचा नाही, हे ठरलं. म्हणजे जे काय करायचं ते घरात, आणि तेही ताईच्या दुपारच्या झोपेत. पाऊण तास, फार तर एक.

म्हणून जावयाने प्रिंटर आणायचं काढलं. आता या जावयाची तऱ्हा सांगायला हवी. साधा पेला विकत घ्यायचा तरी हा माणूस पंधरा दिवस वाचन करणार. प्रिंटरसाठी त्याने महिनाभर वाचलं, दोन वह्या भरल्या आणि शेवटी एक खोकं घरी आलं. छापणारा, स्कॅन करणारा, कॉपी काढणारा, सगळं एकात. दुकानवाल्याने दहा दिवसांची मुदत दिली होती, नाही पटला तर परत. जावयाने भिंतीवर एक तक्ता चिकटवला. वेग, आवाज, शाई, कागद, रंग, स्कॅन, आणि शेवटी निकाल. खोकं फाडायचं नाही, थर्मोकोल टाकायचा नाही, अशी सक्त ताकीद. आणि रंगाच्या रकान्यासमोर त्याने लिहून टाकलं होतं, मावशी बघतील.

मावशींनी नाक मुरडलं. किती रंग आहेत म्हणे याच्यात? जावई म्हणाला, चार. निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा. डागवालीला हसू आवरेना. अरे, एका गालाला मला सहा ट्यूबा लागायच्या. बावीस ट्यूबांची पेटी आहे माझी अजून. चार रंगांत काय होतंय, वांग्याचं चित्र?

पहिले दोन दिवस तर खरंच वांगंच आलं. कागदाची चकचकीत बाजू खाली घातली होती, शाई बसेना, हात लावला की चिकटे. मग कागदाचा प्रकार यंत्राला सांगायचा राहिला होता. भाचीचा सहलीतला फोटो असा लालभडक आला की ती उन्हात भाजल्यासारखी दिसली. जावई घामाघूम, वही उलटसुलट करतोय. डागवाली खुर्चीत बसून मजा बघत होती. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाला आवडत नाही?

तिसऱ्या दिवशी जावयाने सगळं नीट जुळवलं आणि भाचीचा तोच फोटो पुन्हा सोडला. यंत्र घुर्र घुर्र करत कागद चार बोटं पुढे सरकवायचं, थांबायचं, पुन्हा सरकवायचं. डागवाली जवळ येऊन बसली. आधी कपाळ आलं. मग भुवया. मग डोळे, आणि डोळ्यांत खिडकीचा चौकोनी उजेडसुद्धा. तिने अंबाड्यातला ब्रश काढला होता, काहीतरी दुरुस्त करावं लागणारच म्हणून. तो हातातच राहिला.

तिने फोटो कडांना धरून खिडकीशी नेला. तिची पारख तीन गोष्टींवर असायची. आधी पांढरा बघायचा, तो मळका नको. मग काळा, त्याच्यात केस वेगवेगळे दिसायला हवेत. आणि शेवटी कातडी. कातडी खोटी बोलली की सगळा फोटो खोटा. ती बघत राहिली आणि मग आपलं जुनं भिंग काढून आणलं. भिंगातून गालाकडे पाहिलं, आणि खालीच बसली.

गालात निळे ठिपके होते. डोळ्यालासुद्धा धड न दिसणारे, सुईच्या टोकाहून लहान. निळे, गुलाबी, पिवळे, एकमेकांत मिसळलेले, आणि भिंग काढलं की नुसता जिवंत गाल. तरुणपणी ती डोळ्यांखाली चोरून निळ्याचा एक कण लावायची. मालक ओरडायचा, माणसाच्या कातडीत निळा कुठून आणलास? तिला सांगता यायचं नाही. तिला तो दिसायचा, एवढंच. चव्वेचाळीस वर्षं ती गोष्ट तिने एकटीने सांभाळली होती, आणि या प्लॅस्टिकच्या खोक्याला ती ठाऊक होती. तिने यंत्राच्या झाकणावर हात ठेवला. ते कोमट होतं. हरे राम, ती पुटपुटली, हे कुणी शिकवलं रे तुला?

जावयाने रंगाच्या रकान्यात काय लिहू विचारलं. ती म्हणाली, लिही, मावशी अवाक.

चौथ्या दिवशी दुपारी ताईला झोप लागली. भाचीने उशीखालून फोटो हलकेच काढला. डागवालीने तो दोन्ही तळहातांवर आणला आणि काचेवर ठेवला. झाकण लावलं, उजेडाची रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली, आणि सात मिनिटांत फोटो पुन्हा उशीखाली. ताईने कूससुद्धा बदलली नाही. ज्या गोष्टीसाठी दोन दिवसांचा उपास घडला होता ती सात मिनिटांत झाली.

छापून आलेली आई सुंदर होती. भेगा नाहीत, पापुद्रा नाही, गाल एकसारखा. यंत्रात छापताना धूळ आणि ओरखडे आपोआप काढायची सोय असते, ती जावयाने उत्साहात सुरू ठेवली होती. डागवालीचे डोळे भरून आले. हुबेहूब तिने रंगवली होती तशी.

ताई उठल्यावर भाचीने चहाबरोबर फोटो पुढे केला. ताईने तो घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग अदबीने परत दिला. म्हणाली, चांगल्या घरातली दिसते. कोण आहे?

भाची उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. डागवालीने मात्र हार मानली नाही. तिचं म्हणणं पडलं की रंगात गफलत आहे, ताईला जुनी, मळलेली आई पाहायची सवय झालीय. ती आपोआप सुधारणा बंद कर, तिने जावयाला सांगितलं. आहे तसा छाप. पुढचं मी बघते.

पुढचा फोटो आला तो भेगांसकट. डागवालीने तो टेबलावर घेतला, भेगा तशाच ठेवल्या, कागद तपासला, कडा तपासल्या. दोन मिनिटांचं काम. तिच्या हाताखालून गेलेला फोटो गिऱ्हाइकाकडे जातो तसा तो ताईकडे गेला.

आता इथे काय झालं ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या एका ठिकाणी अडकली आहे. ताईने फोटो हातात घेतला. यावेळी परत दिला नाही. कपाळाकडे पाहिलं, भेगेवरून बोट फिरवलं, आणि मग तिची नजर डाव्या गालावर गेली. चेहरा कसनुसा झाला. तिने अंगठा जिभेला लावला आणि गालावर घासायला सुरुवात केली. जोरात. भाची म्हणाली, आई गं, ओला आहे अजून, खराब होईल. ताईने तिचा हात झटकला. अंगठ्याखाली रंग फिसकटला, गाल चिखलासारखा झाला, आणि त्या चिखलात मध्येच, क्षणभर, एक फिकट डाग वर आला. ताई थांबली. डागाकडे बघत राहिली. मग शाई आणखी पसरली, डागही गेला, आणि ताईने फोटो टाकून देऊन हुंदका दिला.

डागवालीने तो कागद उचलला. ताईच्या अंगठ्याला लागलेला रंग तिने ओळखला. तो यंत्राच्या शाईचा नव्हता, तिच्या स्वतःच्या पेटीतला होता. कातडीचा रंग, थोडा पिवळा मारलेला. म्हणजे तिने गालावरचा डाग बुजवला होता. कधी बुजवला? तिला आठवतच नव्हतं. टेबलावर फोटो आला, डाग दिसला, अंबाड्यातून ब्रश निघाला, डाग गेला. डोक्याला पत्ताच नाही. ज्या हाताने उभा जन्म हेच केलं त्याला कोण सांगणार की आज नको?

पण डोक्यात आता दुसराच किडा वळवळायला लागला होता. घासणाऱ्या माणसाचा अंगठा सगळीकडे फिरतो. ताईचा कधीच इकडेतिकडे गेला नव्हता. कपाळावर नाही, हातावर नाही. रोज, तासन्‌तास, एकाच जागी.

ती तडक जावयाकडे गेली आणि म्हणाली, तो स्कॅन केलेला फोटो पडद्यावर मोठा कर. किती मोठा? होईल तेवढा. गाल दाखव.

जावयाने गाल वाढवत नेला. आधी तळहाताएवढा, मग ताटाएवढा, मग अख्खा पडदाभर नुसता गाल. डागवाली चष्मा कपाळावर सारून पुढे वाकली. तिथे तिचे ब्रशाचे फटकारे होते. चोपन्न वर्षांपूर्वीचे. सतरा वर्षांच्या पोरीचा हात, भीत भीत मारलेला, एकावर एक. आणि रंगात एक केस चिकटलेला होता, आखूड, वाकडा, टोकाला निमुळता. तिच्या पहिल्या ब्रशाचा केस. तो ब्रश कधीच झिजून फेकला गेला होता, ज्या खिडकीशी बसून तो चालवला ती इमारतसुद्धा राहिली नव्हती, आणि केस इथे होता. भिंगालाही तो कधी सापडला नव्हता. तिने पडद्याला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं.

मग तिने डाग पाहिला. आता हे तिच्याइतकं कुणाला कळणार? कागद खरवडला गेला की आतला पांढरा तंतू वर येतो, त्याला फोटोचे कण नसतात. इथे कण होते. बारीक, करडे, अखंड. डागाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फोटो शाबूत होता. ताईने घासून गेलेला होता तो फक्त वरचा रंग. खाली जे दिसत होतं ते कॅमेऱ्यानेच टिपलेलं होतं. चुण्या पडलेली, ताणलेली कातडी, डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत.

आईचा गाल भाजलेला होता.

भाची आणि जावयासमोर ती हळूहळू बोलायला लागली. तिच्या जन्माआधीची गोष्ट, ऐकीव. ताई तीन वर्षांची असताना तिने उकळत्या पाण्याचं भांडं ओढलं होतं. आई मध्ये पडली. ताईच्या अंगावर थेंब उडाला नाही, आईचा गाल गेला. डागवालीने जन्मापासून आई तशीच पाहिली, म्हणून तो डाग तिला कधी डाग वाटलाच नाही. स्टुडिओत लागली, डाग बघायला शिकली, आणि घरी येऊन पहिला डाग पाहिला तो आईच्या गालावर. तिला वाटलं, आईला भेट द्यावी. दोन वर्षांनी आई गेली. मग उरला फोटो. इतकी वर्षं फोटोतली आई बघितली की खरी आई मागे पडली. मी विसरले गं, ती भाचीला म्हणाली. आठवण ताईची गेली म्हणतो आपण, आणि विसरले मी.

मग तिला खणात ठेवलेला फोटो आठवला. छान रंगवलंस गं. भिंतीवर न लावलेला. चोपन्न वर्षं ती ज्याला आईचा साधेपणा समजत होती ते काय होतं, हे तिला त्या दिवशी, त्या खुर्चीत बसून कळलं. करायला गेले काय आणि झालं काय. ती पदराआड वगैरे न लपता, सगळ्यांसमोर ढसढसा रडली. जावयाने पाणी आणून दिलं आणि तो तक्त्यासमोर जाऊन उगाचच उभा राहिला.

आणि ताई? ताई फोटो खराब करत नव्हती. नावं गेली, रस्ते गेले, पोटची पोर गेली, तरी जिने तिच्या वाटचं पाणी अंगावर घेतलं तिचा गाल तिला ठाऊक होता. त्यावर कुणीतरी रंग थापला आहे एवढं तिला कळत होतं. तो ती अंगठ्याने काढत बसली होती. सगळं घर तिला वेडी समजत होतं, आणि खरं काम घरात एकटी तीच करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डागवालीने जावयाला सांगितलं, मॅट कागद घाल, चकचकीत नको, ताईच्या बोटांना जुन्यासारखा लागायला हवा. सुधारणा सगळ्या बंद. आणि छापून झाला की मला देऊ नकोस. भाचीला दे. माझ्या हातावर माझा भरवसा नाही.

यंत्र घुरघुरायला लागलं. तिघं तीन बाजूंनी उभी. कपाळ आलं, भेगेसकट. डोळे आले. मग चार बोटं कागद सरकला आणि डावा गाल आला, भाजलेला. डागवालीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. चारच रंग, पण त्या कातडीवरची एकेक चुणी तिथे होती, आणि उरलेल्या गालावर तिने रंगवलेली गुलाबी झाकही होती. दोन्ही. कुणाचीच बाजू न घेता त्या यंत्राने जे होतं ते सगळं मांडलं. असं काही तिला जन्मात कधी जमलं नव्हतं, आणि हे तिला कबूल करायला लाजही वाटली नाही. फोटो दिवसभर वाळू दिला, पंख्यापासूनही लांब. भाचीने त्यावर वही झाकली आणि मावशीवर नजर ठेवली.

ताईला तो दिला दुसऱ्या दिवशी, दुपारच्या झोपेनंतर, खिडकीतून भरपूर उजेड येत असताना. भाचीने दिला. डागवाली दारापाशी थांबली होती, नेहमीसारखी, आत यावं की नाही या विचारात.

ताईने फोटो हातात घेतला. अंगठा सवयीने डाव्या गालावर गेला. घासणार, तोच थांबला. तिने अंगठा उचलून खाली पाहिलं. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग अगदी हळू, भाजलेल्या जागेवरून दुखू नये इतक्या हळू, तिने वरून खाली बोट फिरवलं. डोळ्यापासून जबड्यापर्यंत.

"आली," ताई म्हणाली. "आई आली."

भाचीने तोंडावर हात दाबून धरला. बाहेरच्या खोलीत जावई ऐकत होता, त्याच्या हातून पेन पडलं. ताई बराच वेळ फोटो बघत राहिली. घासलं मात्र नाही, एकदाही नाही. चेहऱ्यावर जी शांतता आली ती औषधाने कधी आणली नव्हती. मग तिने मान वर केली आणि सरळ दाराकडे पाहिलं.

"छोटी," ती म्हणाली, "तिथे काय उभी आहेस? इकडे ये."

भाचीने डागवालीला दंडाला धरून आणलं आणि पलंगाच्या कडेला बसवलं. ताईने उशीखाली हात घातला. जुना फोटो, भेगाळलेला, घामेजलेला, जो तिने वर्षभरात आपण होऊन कुणाच्या हाती दिला नव्हता, तो तिने बाहेर काढला आणि डागवालीच्या मांडीवर ठेवला. नवा स्वतःच्या छातीशी धरला. मग धाकटीच्या चेहऱ्याकडे, रडून सुजलेल्या डोळ्यांकडे, ती डोळे बारीक करून बघायला लागली. घरात हे असं बघणारी आजवर डागवालीच होती, तिने ते ताईकडूनच उचललं असणार.

ताईने हात लांब केला आणि धाकटीच्या अंबाड्यातला ब्रश अलगद ओढून घेतला.

"तो फोटो ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि हा राहू दे माझ्यापाशी."

तिने ब्रश उशीखाली सरकवला, वर उशी नीट केली आणि त्यावर डोकं टेकलं. बाहेर जावयाने थर्मोकोल उचलला, खोकं दुमडलं आणि जिना उतरून दोन्ही टाकून आला.